‘बसा’ म्हणायची चोरी

चोरानं काय नेलं यापेक्षा काय नेलं नाही, हेच माझ्या जास्त जिव्हारी लागलं. परसातला पितळी नळ नेला, तुळशीपाशी ठेवलेला तांब्याचा गडू नेला, पायरीवरच्या माझ्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपला नेल्या. शेजारीच माझी स्कूटर उभी होती, किल्लीसकट. तिची सीट उचकटल्याच्या खुणा होत्या, म्हणजे त्यानं विचार केला होता. पण नेली नाही. पंचनाम्याला आलेल्या पोलिसानं स्कूटरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “मास्तर, चोर जाणकार दिसतोय.”

मग मुलानं कॅमेरा बसवला. पंधरा दिवसांनी चोर पुन्हा आला, नवा नळ घेऊन गेला आणि कॅमेऱ्यात त्याच्या टोपीचं फार सुरेख चित्र आलं. टोपीची शिवण मोजता येत होती. टोपीखालच्या माणसाबद्दल मात्र कॅमेऱ्यानं मौन पाळलं होतं.

“कुत्रं पाळा,” असं सांगलीच्या विश्रामबागेतल्या यच्चयावत माणसांनी सांगितलं. विरोध फक्त आमच्या आईचा. तिचं वय 83. “दत्तापाशी चार आहेत, खंडोबापाशी आहे. त्यांचं निस्तरायला पुजारी असतात. आपल्याकडे कोण निस्तरणार?” असं विचारून तिनं माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न नव्हता, नेमणूक होती, हे मला पुढे कळलं.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. सांगलीतल्या एका हायस्कुलात मी 32 वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झालो, पण आतला मास्तर काही निवृत्त झाला नाही. लग्नपत्रिका आली की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासतो आणि मग लग्न कोणाचं ते बघतो. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा गल्लीत पेढे वाटणारा मी एकटाच होतो. “नातू झाला का?” असं विचारत लोकांनी पेढे घेतले. तर अशा माणसाच्या दारात जर्मन शेफर्ड बांधला जाणं शक्यच नव्हतं. मी कारवानी आणायचं ठरवलं.

कारवानी म्हणजे आपल्या भागातलं शिकारी कुत्रं. पलीकडे बागलकोट जिल्ह्यात त्यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी हे वाण जोपासलं आणि पंचम जॉर्जला त्याची जोडी नजर केली, अशी हकिगत सांगतात. 2005 साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. 2016 साली लष्करानं मेरठच्या केंद्रात त्याची पिलं शिकवायला नेली. हे सगळं मी घरच्यांना उभं राहून, हातात खडू असल्यासारखं सांगितलं. जे सांगितलं नाही ते मलाही नंतरच कळलं. हे कुत्रं सशामागे वाऱ्यासारखं धावण्यासाठी घडलेलं. आता ससा मारायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी, म्हणजे बिचाऱ्याचा पिढीजात धंदाच बसलेला. राखणीचं म्हणाल, तर परक्या माणसाशी लगट त्याला खपत नाही हे खरं, पण भुंकायचाही कंटाळा. दुरून एकदा बघतं आणि मान फिरवतं. थोडक्यात, निवृत्त शिक्षकाचा स्वभाव.

जत तालुक्यातल्या एका मेंढपाळाकडून दोन महिन्यांचं पिलू आणलं. नाव ठेवलं फौजदार.

कारवानीच्या बरगड्या दिसतात. दिसायलाच हव्यात, शेवटच्या दोन-तीन दिसल्या की जनावर तब्येतीत आहे असं जाणकार समजतात. विश्रामबागेत जाणकार मी एकटा होतो. फौजदार अंगानं लांबला, आणि आम्ही सकाळी फिरायला निघालो की लोक आधी त्याच्या बरगड्यांकडे बघत, मग माझ्या पोटाकडे बघत, आणि मनातल्या मनात हिशेब जुळवत. समोरच्या काकू फाटकाच्या फटीतून भाकरी सरकवू लागल्या. एके दिवशी कॉलेजातली दोन मुलं आली. “सर, तुम्ही कुत्र्याला उपाशी ठेवता अशी तक्रार आहे.” मी त्यांना बसवून घेतलं आणि मालोजीराव, पंचम जॉर्ज, टपाल तिकीट, मेरठ, सगळं सांगितलं. एक जण लिहून घेत होता. पाऊण तासानं तो हळूच म्हणाला, “ते सगळं ठीक आहे सर, पण जेवायला काय देता?”

जनावरांच्या डॉक्टरांनी रेबीजची लस टोचली, दर वर्षी न चुकता यायचं बजावलं, पालिकेच्या परवान्याची आठवण करून दिली आणि आम्ही उठता उठता म्हणाले, “कांदा, चॉकलेट आणि द्राक्षं-बेदाणे चुकूनही देऊ नका. द्राक्षं-बेदाण्यांनी तर मूत्रपिंडं निकामी होतात.” सांगलीत बेदाणे देऊ नका म्हणणं म्हणजे कोकणात नारळ दाखवू नका म्हणण्यासारखं. इथल्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या शिऱ्यात बेदाणे, पुलावात बेदाणे, सत्यनारायणाच्या प्रसादात बेदाणे. तासगावचे पाहुणे तर ओळखपत्र दाखवावं तसा आधी बेदाण्यांचा पुडा काढतात. मी फाटकाशी स्टीलचा एक डबा ठेवला. आत येण्यापूर्वी प्रत्येकानं खिसे त्यात रिकामे करायचे. माझे तासगावचे साडू यावरून रुसून बसले. “लग्नात तुम्ही मानपान मोजलात ते आम्ही सहन केलं,” ते म्हणाले, “खिसे तपासले नव्हते.”

फाटकावर पाटीही लावली. पेंटरनं ‘कुत्र्यापासून सावध रहा’ असं लिहून आणलं. मी म्हटलं, “‘रहा’ चालतं, पण मला ‘राहा’ हवं. काना घाल.” तो म्हणाला, “चोर काय शुद्धलेखन बघणार आहे का मास्तर?” मी काना घालून घेतला. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घराच्या उंबऱ्यापाशी खड्यांत साखळीचं कुत्रं चितारलंय आणि खाली लॅटिनमध्ये ‘कुत्र्यापासून सावध’ असं लिहिलंय. म्हणजे ही पाटी दोन हजार वर्षं चालू आहे आणि चोऱ्याही चालू आहेत. त्याच पाँपेईत साखळीला बांधलेलं एक खरं कुत्रंही सापडलं. मालक पळाले, ते तसंच राहिलं. त्याच्या आकाराचा प्लास्टरचा साचा ठेवलेला आहे. त्याचा फोटो बघितला त्या दिवशी मी फौजदारची साखळी सोडली ती कायमची, आणि चामडी पट्टा आणला.

आईनं केलेल्या नेमणुकीचं काम आता सुरू झालं. जबाबदार मालकानं कुत्र्याचं केलेलं उचलायचं असतं. मी रोज पहाटे एका हातात पट्टा आणि एका हातात पिशवी घेऊन निघू लागलो. पहाटेची वेळ मुद्दाम, कारण 32 वर्षं शिकवलेल्या मास्तरला गावात तोंड लपवता येत नाही. तरी व्हायचं ते झालंच. एका झाडाखाली मी वाकलो होतो. मागून आवाज आला, “सर! ओळखलंत का? पंच्याण्णवची बॅच!” मी वाकलेलाच. “प्राजक्त वेचताय का सर? तुमची आवड अजून तशीच आहे!” आणि तो माझ्या पाया पडायला खाली वाकला. आम्ही दोघंही एकाच उंचीवर आलो, मधे पिशवी. त्यानं पिशवीत बघितलं. मग म्हणाला, “येतो सर.” त्या बॅचचा स्नेहमेळावा झाला, त्यात मला सत्काराला बोलावलं, पण हार घालणारा हात जरा लांब धरूनच होता.

शिकवणीसाठी पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक हवालदार मिळाले. गावात सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा आले, ओसरीवर बसले, फौजदारकडे बघितलं आणि विचारलं, “हँडलर कोण?”

“म्हणजे?”

“पथकात एका कुत्र्याला एक माणूस. हितं किती जणं हाय?”

“पाच. नातू धरून.”

मामांनी पाच जणांवरून नजर फिरवली आणि फी वाढवून सांगितली.

पहिले काही आठवडे त्यांनी राखणीचा विषयच काढला नाही. त्यांचं म्हणणं, पिलाला चौदा आठवड्यांच्या आत सगळं जग दाखवावं. नेहमीचं काय ते कळलं तरच वावगं काय ते कळतं. छत्री, हेल्मेट, पोतराज, दूधवाला, बँड. लसी पुऱ्या व्हायच्या होत्या, त्यामुळे जमिनीवर ठेवायचं नाही, कडेवर घेऊन दाखवायचं. मी पिलू कडेवर घेऊन एका वरातीत उभा राहिलो. मुलीकडच्यांना मी मुलाकडचा वाटलो, मुलाकडच्यांना मुलीकडचा. दोन्हीकडून फेटे बांधले गेले.

मग मामा मुद्द्यावर आले. “घरच्या कुत्र्याला चार गोष्टी आल्या तरी रग्गड. परका आला की आवाज द्यायचा. गप म्हटलं की गप व्हायचं. बोलावलं की यायचं. बस म्हटलं की हलायचं न्हाई.”

मुलगा म्हणाला, “आणि चावायचं?”

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, घरच्या कुत्र्याला ‘धर’ शिकवू नये. उद्या कुणी पोराला ‘हे दप्तर धर’ म्हटलं तर दप्तराबरोबर हात जाईल. आणि मग 291 कलम.” भारतीय न्याय संहितेतलं हे कलम त्यांना पाठ होतं. पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका पोचू नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आई आतून म्हणाली, “नळ चारशे रुपयांचा होता.”

इथं मी तोंड उघडलं. माझ्या आयुष्यातल्या पुष्कळ चुका ‘इथं मी तोंड उघडलं’ या वाक्यानंच सुरू होतात. मी म्हटलं, “मामा, सगळ्या आज्ञा मराठीत हव्यात. सिट नाही, स्टे नाही. जतचं कुत्रं आहे, त्याची मातृभाषा मराठी.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. “मास्तर, एक सांगू का? सबूद असा घ्यावा, जो घरात दुसऱ्या कशाला लागत न्हाई. परदेशातनं आलेल्या कुत्र्यांना जर्मनीत सांगत्यात. सिट्झ, प्लाट्झ. भाजीवाला कधी प्लाट्झ म्हणत न्हाई. कुत्र्याच्या डोक्याला ताप न्हाई.”

“आमच्या भाषेत काय शब्दांचा दुष्काळ पडलाय?” मी विचारलं.

शब्द मीच काढले. सिटला ‘बस’. स्टेला ‘थांब’. कमला ‘चल’. तोंडातली वस्तू टाकायला ‘सोड’. भुंकायला ‘बोल’. बंद करायला ‘गप्प’. कसे सुटसुटीत, दोन-दोन अक्षरी, खणखणीत. मी ते तक्त्यावर लिहून फ्रिजला चिकटवले. मामांनी तक्ता वाचला आणि कपाळाला हात लावला. मला वाटलं घाम पुसतायत.

‘बोल’ला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण कारवानी मुळात मितभाषी. मामांची रीत अशी, की खाऊ समोर धरायचा, द्यायचा नाही, आणि अधीर होऊन त्यानं आवाज काढला की त्याच क्षणी ‘बोल’ म्हणून खाऊ द्यायचा. दोन सेकंद उशीर झाला की आपण कशाचं बक्षीस दिलं ते कुत्र्याला कळत नाही. आम्ही शाकाहारी, त्यामुळे खाऊ म्हणजे उकडलेली रताळी. फौजदार रताळ्याकडे शांतपणे बघत बसायचा. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मी, वर्गात कविता म्हणून दाखवतात तसं, स्वतः भुंकून दाखवलं. कुंपणापलीकडून शेजारच्या अण्णांनी विचारलं, “मास्तर, दुसरं आणलंत?” फौजदारनं माझ्याकडे असं बघितलं, की मीच ओशाळलो. पण सहाव्या दिवशी तो भुंकला. एकदा लय सापडल्यावर मात्र तल्लख निघाला. महिन्याभरात सहाही शब्द पक्के. शेजारीपाजारी बघायला येत. एकादशीला आईच्या पानात रताळी उरली नाहीत, तेवढी एक कुरबूर सोडली तर घरात आनंदीआनंद होता.

आणि मग बायकोला तिच्या बहिणीचा फोन आला.

“हां, बोल.”

भो!

“अगं, बोल ना.”

भो! भो!

“अगं, कुत्रं आहे. थांब जरा.”

फौजदार एक पाय उचललेल्या अवस्थेत पुतळ्यासारखा स्तब्ध.

“हं, आता बोल.”

भो!

संभाषण असंच रेटत गेलं. मग आला निरोपाचा भाग. बायकोनं “चल, ठेवते” म्हटलं. फौजदार पट्टा तोंडात धरून तिच्यापुढे हजर. पण मराठी बाईनं ‘चल, ठेवते’ म्हणणं ही फोनच्या उत्तरार्धाची नुसती नांदी असते. “चल... हो ना... आणि त्या कैरीच्या लोणच्याचं काय केलंस गं?... चल मग... अय्या, ते सांगायचंच राहिलं...” तो जवळ यायचा, कोणी निघत नाही बघून परत जायचा. मी मोजलं, अकरा वेळा ‘चल’ झालं आणि अकरा वेळा फौजदार खोलीभर हेलपाटा घालून आला. मेहुणीचा फोन आला की संध्याकाळी त्याला वेगळं फिरायला न्यावं लागत नाही, एवढाच काय तो फायदा.

त्या दिवसापासून माझी भाषा मला घरभर अडखळायला लागली. बायको भाजीवाल्याला म्हणायची, “बस बस, एवढी पुरे,” की हा दोनदा बसायचा. मुलगा बाहेरून “बस चुकली” म्हणत आला, तरी बसायचा. आई म्हणाली, “मला जरा देवळापर्यंत सोड,” की यानं तोंडातला चेंडू माझ्या पायावर टाकला. पाहुण्यांना तर काही विचारूच नका. “या, बसा” म्हटलं की पाहुण्याच्या आधी हा बसलेला, तोही नेमका खुर्चीपुढे. “बसा ना, बसा” असा आग्रह झाला की मान वर करून रताळ्याची वाट बघायचा. पाहुणा अवघडून उभा, कुत्रं ऐसपैस बसलेलं, आणि मी ‘ऊठ’ कुठल्या शब्दानं सांगायचं ते तक्त्यावर शोधतोय.

पण घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्दप्रयोग होता ‘गप्प बसा’. तो माझ्यासाठी होता. बायकोच्या एका वाक्यात दोन आज्ञा असत, आणि फौजदार दोन्ही तत्काळ पाळत असे. “बघा,” ती म्हणायची, “याला एक महिना लागला. तुमचं पस्तिसावं वर्ष चालू आहे.”

मामांनी परीक्षा ठेवली. त्यांच्या ओळखीचा एक परका माणूस, तोंडाला फडकं, हाताला गोणपाट गुंडाळलेलं, भर दुपारी मागच्या दारानं येणार. फौजदारनं त्याला थांबवायचं आणि आवाज द्यायचा. आम्ही सगळे पडद्याआड लपलो. आईला सांगायचं राहून गेलं.

चोर आला. फौजदार उठला, मान ताठ केली, अंगावरचे केस उभे राहिले. खरं सांगतो, त्या क्षणी मुधोळच्या संस्थानाची कळा त्याच्या अंगावर होती. छाती भरून त्यानं पहिला ‘भो’ काढला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिनं त्या माणसाच्या हाताला गुंडाळलेलं बघितलं आणि कळवळून म्हणाली, “अरे देवा! काय लागलं हाताला? बस, बस हो बाबा. पाणी देते.”

फौजदार बसला. चोरही बसला. आईनं दोघांनाही रताळं दिलं.

मामा पडद्याआडून बाहेर आले, टोपी काढून गुडघ्यावर आपटली. “मास्तर, कुत्रं पास हाय,” ते म्हणाले. “घर नापास.”

ही झाली तोंडी परीक्षा. लेखी परीक्षा त्याच महिन्यात, अमावास्येच्या रात्री झाली. दोनच्या सुमारास परसातून फौजदारचा आवाज आला. खणखणीत, शिकवल्याबरहुकूम: तीनदा भुंकायचं, थांबायचं, पुन्हा तीनदा. मी जागा झालो नाही, कारण मी घोरत होतो. घोरण्यानं बायकोची झोप चाळवली आणि ती कुशीवर वळता वळता, उघड्या खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “अहो, गप्प बसा हो!”

परसात एकदम शांतता झाली.

सकाळी फौजदार नळाच्या जागेसमोर शिस्तीत बसलेला होता. नळ नव्हता. तिसरा. पाईपातून पाण्याची बारीक धार उडत होती आणि तो तिच्याकडे कर्तव्यबुद्धीनं बघत होता. त्यानं रात्रभर जागा सोडली नव्हती. त्याला ‘ऊठ’ असं कोणी म्हटलंच नव्हतं.

“मी यांना म्हणाले होते,” बायकोनं पोलिसाला सांगितलं. पोलिसानं माझ्याकडे बघितलं. पंचनाम्यात काय लिहिलं ते मी वाचलं नाही. शुद्धलेखनसुद्धा तपासलं नाही.

मग मी दुसरा घाट घातला. कुत्र्याचे शब्द बदलायचे नाहीत, घराचे बदलायचे. कोशात शब्दांना काय तोटा? फोन आला की ‘बोल’ऐवजी ‘निवेदन कर’. निरोप घेताना ‘चल’ऐवजी ‘प्रस्थान ठेवते’. पाहुण्यांना ‘बसा’ऐवजी ‘स्थानापन्न व्हावे’. हे आठ दिवस चाललं. मेहुणीनं बायकोच्या तोंडून “निवेदन कर” ऐकलं आणि घरात काही बरंवाईट झालंय या समजुतीनं मिरजेहून रिक्षा करून आली. मुलाचे सासरे दारात उभे होते, त्यांना मी हात जोडून म्हटलं, “स्थानापन्न व्हावे.” ते म्हणाले, “मास्तर, काही चुकलं का आमचं? दिवाळसणाचं राहिलंय, मान्य आहे.” आणि आईला तर ‘स्थानापन्न’ म्हणताच येईना. “माझ्या दारात आलेल्याला मी बसा म्हणणार,” तिनं निर्वाणीचं सांगितलं. “कुत्र्याला बसायचं तर बसू दे.”

शेवटी मी मामांना फोन केला. मामांनी जिंकल्याचा आवाजही काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा. नुसतं म्हणाले, “लिहून घ्या.”

27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आमच्या वाचनालयात मराठी भाषा गौरव दिनाचं माझं भाषण असतं. यंदाही झालं. परकीय शब्दांच्या आक्रमणावर मी सव्वा तास बोललो. घसा बसला. टाळ्या झाल्या, नारळ मिळाला. नारळ घेऊन घरी आलो तर फौजदार फाटकाशी अंगावर उड्या मारायला लागला. गल्लीतली निम्मी माणसं, आत्ताच भाषण ऐकून आलेली, मागोमाग येत होती. मी घोगऱ्या आवाजात ओरडलो, “सिट्झ! प्लाट्झ!” फौजदार बसला आणि आडवा झाला. अण्णा म्हणाले, “कोणत्या वृत्तातलं म्हणायचं हे?”

आता आमच्याकडे जर्मनच चालतं. सगळे सुटले असं मात्र नाही. भुंकण्याची आज्ञा आहे ‘गिब लाउट’. आईच्या कानाला ते ‘जीव लाव’ असं ऐकू आलं, ती तसंच म्हणते, आणि फौजदार त्यावर भुंकतो. नातवाला मांडीवर घेऊन ती “आजीला जीव लाव हो” म्हणाली की अंगणातून ‘भो’ येतो. ‘प्लाट्झ’ म्हटलं की त्यानं आडवं व्हायचं. अण्णा जमिनीच्या व्यवहारात आहेत. ते ओसरीवर बसून “कुपवाडला एक प्लॉट बघितलाय” असं म्हणाले की फौजदार जमिनीवर अंग टाकतो. अण्णांचं म्हणणं, कुत्र्याला भाव ऐकून चक्कर येते. आणि मामा म्हणतात तेही खरं, की एकदा शिकलेलं जनावर विसरत नाही. त्यामुळे जुनी मराठीही त्याच्या डोक्यात आहेच. घरातला दोन भाषा जाणणारा तो एकटाच.

तेव्हा कधी विश्रामबागेत आलात तर जरूर या. पाटीला घाबरू नका, तिच्यातला काना तेवढा बघा. खिशातले बेदाणे डब्यात ठेवा. आम्ही ‘बसा’ म्हटलं नाही तर राग मानू नका, दिसेल त्या खुर्चीवर बसा. फोन आला तर तेवढा फाटकाबाहेर जाऊन घ्या.

आणि चोरीचं विचाराल, तर परसात मी आता प्लास्टिकचा नळ बसवलाय, साठ रुपयांचा. तेव्हापासून चोर आलेला नाही.